एका जिल्ह्यातील दोन विद्यापीठरीती : अमेरिकन आणि युरोपीय शिक्षणाविषयी एक संवाद

परभणी जिल्ह्यातील उच्च शिक्षण दोन वेगळ्या घराण्यांचे आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परभणी शहरातील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची घडण अमेरिकेतील ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांवर, म्हणजे सरकारी जमिनीच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या आणि शेती व यंत्रविद्या शिकवण्याचे बंधन असलेल्या विद्यापीठांवर, बेतलेली आहे. याउलट परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू येथील कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि महाविद्यालयाने शिकवावे व विद्यापीठाने परीक्षा घ्यावी ही संलग्नतेची रीत लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावरून १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाबरोबर महाराष्ट्रात आली. एकाच घरातला थोरला मुलगा कृषी पदवीला आणि धाकटी मुलगी बी.ए.ला असणे जिल्ह्यात नवलाचे नाही. परंतु त्या दोघांच्या शिक्षकांना असलेले अधिकार आणि त्यांच्या अभ्यासक्रमामागचा विचार यांत दोन खंडांचे अंतर आहे. अमेरिकन शिक्षण आणि युरोपीय शिक्षण यांची तुलना परदेशी जाणाऱ्या मुलांपुरती मानली जाते, पण ती परभणीत बसूनही करता येते, किंबहुना इथे ती अधिक नेमकी होते. पुढील संवादात त्यासाठी दोन प्रातिनिधिक व्यक्ती कल्पिल्या आहेत: एक कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले अध्यापक, जे अमेरिकन रीतीची बाजू घेतात, आणि दुसऱ्या, संलग्न महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या अध्यापिका, ज्या युरोपची बाजू मांडतात.

कृषी-अध्यापक : मॅडम, अमेरिकन रीतीचा मूळ आधार १८६२ चा मॉरिल कायदा आहे. यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन यांनी २ जुलै रोजी त्यावर सही केली आणि प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर व दर प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सरकारी जमीन देण्याचे ठरले. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे किमान एक महाविद्यालय चालवावे, अशी अट होती. १८८७ च्या हॅच कायद्याने त्या महाविद्यालयांना संशोधन केंद्रे जोडली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्य, म्हणजे संशोधनातून निघालेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची व्यवस्था, त्यांत सामील केली. शिकवणे, शोधणे आणि पोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हा विचार अमेरिकेने जितका तडीस नेला तितका कोणी नेला नाही. परभणीच्या विद्यापीठात शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तीन संचालनालये आहेत ती त्याच विचारातून.

इतिहास-अध्यापिका : सर, विचार मोठा होता यात वाद नाही. मात्र ज्या जमिनी विकून तो उभा राहिला त्या बहुतांशी तेथील मूळ रहिवाशांकडून तहाने किंवा बळाने काढून घेतलेल्या होत्या, आणि १८९० मध्ये दुसरा मॉरिल कायदा करावा लागला तो कृष्णवर्णीयांना दारात उभे न करणाऱ्या राज्यांमुळे. त्या कायद्यानेही त्यांना त्याच महाविद्यालयात घ्या असे सांगितले नाही, वेगळी महाविद्यालये काढण्याची मुभा दिली. शिवाय दूध अमेरिकेचे असले तरी विरजण जर्मनीचे होते. गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिग यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हाताने रसायनशास्त्र शिकवले आणि शेतीला रसायनाचा पाया दिला. १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून बर्लिन विद्यापीठ उभे राहिले तेव्हा संशोधन करणाऱ्यानेच शिकवावे हे तत्त्व रुजले, आणि १८७६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले ते याच जर्मन तत्त्वावर. तेव्हा अमेरिकन म्हणून ज्याचा गौरव होतो त्यातले निम्मे युरोपचे आहे.

हा आक्षेप खरा आहे, पण परभणीचा इतिहास पाहिला म्हणजे त्याची धार कमी होते, कारण मराठवाड्याला मिळालेला युरोप बर्लिनचा नव्हता. निजामाच्या राजवटीत १९१८ या एकाच वर्षी हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि परभणीत मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले. पण पदवी तिकडे आणि प्रयोग इकडे, अशी त्यांची फारकत राहिली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. त्या आयोगावर इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठाचे जेम्स डफ होते, तसेच आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे दोन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञही होते, म्हणजे दोन्ही खंड एकाच मेजाभोवती बसले होते. आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. पुढे १९५५ आणि १९५९ मध्ये भारत व अमेरिका यांच्या संयुक्त पथकांनी लँड ग्रँट धर्तीच्या कृषी विद्यापीठांचा आग्रह धरला आणि १९६० मध्ये पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्राला साहाय्य करण्याचे काम पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाकडे होते. परभणीत हैदराबाद राज्याने १९५६ मध्ये काढलेले कृषी महाविद्यालय होतेच. राहुरी आणि अकोला यांच्यानंतर १८ मे १९७२ रोजी परभणीला स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळाले. संलग्न महाविद्यालयांची वाट निराळी होती. ती १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाशी आणि १९९४ पासून नांदेडच्या विद्यापीठाशी जोडली गेली, म्हणजे विद्यापीठ बदलले तरी लंडनची रीत कायम राहिली.

कृषी-अध्यापक : त्या रीतीचाच विचार करू. १८३६ मध्ये लंडन विद्यापीठाला सनद मिळाली तेव्हा ते शिकवत नव्हते, केवळ परीक्षा घेऊन पदवी देत होते, आणि १८५४ च्या, ब्रिटिशांच्या शिक्षणधोरणाचा आराखडा असलेल्या वुडच्या खलित्याने तोच साचा भारतासाठी निवडला. त्या साच्यात शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा आणि उत्तरपत्रिका तपासणारा तिसरा असतो. तिघांची गाठ पडत नाही. गंगाखेडच्या वर्गात शिक्षकाने गोदाकाठच्या वसाहतींचा इतिहास कितीही जीव ओतून शिकवला, तरी परीक्षेत तो विचारला जाईल की नाही हे त्याच्या हाती नसते, म्हणून विद्यार्थी त्याचे व्याख्यान सोडून मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि गाइड घेऊन बसतो. अमेरिकेत जो शिकवतो तोच अभ्यासक्रमाचा तपशील ठरवतो, तोच प्रश्न काढतो, तोच गुण देतो. शिक्षकावर एवढा विश्वास टाकल्याशिवाय शिक्षण होत नाही.

इतिहास-अध्यापिका : विश्वास टाकायचा तर ज्याच्यावर टाकायचा त्याची जात, नाते आणि गाव ज्या समाजात आधी विचारले जाते तिथे तो कसा टाकायचा, हेही सांगायला हवे. सर, बाहेरच्या परीक्षकाला विद्यार्थ्याचे आडनाव दिसत नाही, बैठक क्रमांक दिसतो. जिंतूर तालुक्यातील तांड्यावरून आलेल्या, घरात गोरमाटी बोलणाऱ्या मुलीला विद्यापीठाच्या परीक्षेत पहिली श्रेणी मिळाली तर ती कोणाच्या मर्जीने मिळाली असे कोणी म्हणू शकत नाही. मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना या निनावी परीक्षेने जो आत्मसन्मान दिला तो क्षुल्लक मानू नये. आणि ज्या लंडनला नावे ठेवली जातात त्या लंडनने ही रीत स्वतः केव्हाच सोडली: १९०० पासून लंडन विद्यापीठ शिकवणारे विद्यापीठ झाले. आज ब्रिटनमधल्या विद्यापीठांत शिकवणारा अध्यापकच प्रश्न काढतो आणि तपासतो, फक्त दुसऱ्या विद्यापीठाचा एक बाह्य परीक्षक ते प्रश्न आणि काही उत्तरपत्रिका पाहून दर्जा राखला गेला की नाही याची शहानिशा करतो. दोष युरोपच्या रीतीचा नाही, तिने टाकून दिलेली अवस्था भारताने जपून ठेवली याचा आहे.

या टप्प्यावर दोन्ही बाजूंना एकमेकींचे बरेचसे मान्य करावे लागते. निनावी परीक्षेने पक्षपाताला आळा घातला, हे सामाजिक दृष्टीने मोलाचे आहे. पण त्याची किंमत वर्गातल्या शिक्षकाने मोजली, कारण परीक्षेवरचा अधिकार गेला की अभ्यासक्रमावरचा अधिकारही आपोआप जातो. ब्रिटिश विद्यापीठांतील बाह्य परीक्षकाची तोड या दोन्ही गरजा भागवते. ती महाराष्ट्रातील स्वायत्त, म्हणजे स्वतःच परीक्षा घेणाऱ्या, महाविद्यालयांना सहज उचलता येण्याजोगी असताना तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

अध्यापिकांचा पुढचा मुद्दा कृषी विद्यापीठाला अधिक झोंबणारा आहे.

इतिहास-अध्यापिका : कृषी विद्यापीठ तरी आता लँड ग्रँट राहिले आहे का, सर? अमेरिकेत ते विद्यापीठ म्हणजे स्वतःचे प्राध्यापक, स्वतःची शेते आणि स्वतःचे विद्यार्थी. परभणीच्या विद्यापीठाला घटक महाविद्यालयांबरोबर खासगी संलग्न कृषी महाविद्यालयेही जोडली गेली, प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होऊ लागले आणि अभ्यासक्रमाचा साचा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेकडून येतो. म्हणजे साचा अमेरिकेचा घेतला खरा, पण चालवता चालवता तो लंडनचा झाला.

कृषी-अध्यापक : खासगी महाविद्यालयांनी मूळ कल्पना पातळ केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही जे टिकले आहे ते पाहावे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी एक सत्र गावात काढतात. त्याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात, मुलांच्या बोलण्यात ‘रावे’. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. मृगाच्या आधी एखादी कृषिकन्या शेतकऱ्याच्या घरचे, गेल्या वर्षी राखून ठेवलेले सोयाबीन घेते, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडते, गुंडाळी करून सावलीत ठेवते, वरून पाणी शिंपडत राहते आणि आठवडाभरात गुंडाळी उलगडून कोंब आलेले दाणे शेतकऱ्यासमोरच मोजते. सत्तर किंवा अधिक उगवले तर घरचे बियाणे नेहमीच्या मात्रेने पेरता येते, कमी उगवले तर मात्रा वाढवावी लागते, फारच कमी असेल तर ते बियाणे बाजूला ठेवायचे. बियाण्याच्या पिशवीवर होणारा खर्च या चाचणीने वाचतो, आणि पुस्तकातली उगवणक्षमता म्हणजे काय हे त्या मुलीला पुन्हा कोणी शिकवावे लागत नाही. इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या पदवीत असे एक सत्र कुठे आहे?

इतिहास-अध्यापिका : नाही, आणि ते असायला हवे होते, हा मुद्दा मान्य आहे. परंतु त्या मुलीचे सत्र संपल्यावर गावात कोण राहतो? अमेरिकेतील जवळपास प्रत्येक काउंटीत, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, विस्तार कार्यकर्ता असतो तो विद्यापीठाचा माणूस असतो आणि त्याचा खर्च संघ सरकार, राज्य आणि काउंटी मिळून सोसतात. काउंटीचा पैसा लागला असल्यामुळे तेथील शेतकरी त्याला जाब विचारू शकतात आणि त्यांचा प्रश्न त्याच्या मार्फत थेट प्रयोगशाळेत पोचतो. परभणीत गावपातळीवरचा कृषी कर्मचारी राज्याच्या कृषी विभागाचा असतो, विद्यापीठाचा नसतो. त्याच्या डोक्यावर अनुदानाचे अर्ज, पंचनामे आणि योजनांची उद्दिष्टे. शिकवणे, शोधणे आणि पोचवणे या तीन पायांपैकी तिसरा पाय दुसऱ्याच खात्याला लावला, तर त्याला लँड ग्रँट कसे म्हणावे?

संवादातील हा सर्वांत वजनदार प्रश्न आहे आणि त्याचे पुरते उत्तर कृषी-अध्यापकांकडे नाही. विद्यापीठाचे संशोधन गावापर्यंत पोचत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा जो विषाणुजन्य रोग शेतकरी ‘हळद्या’ म्हणून ओळखतात, त्याला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण याच विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून काढला आणि तो देशभर पेरला गेला. ज्वारीचा ‘परभणी मोती’ आणि सोयाबीनचे ‘एमएयूएस’ मालिकेतील वाण मराठवाड्याच्या शेतात घरचे झाले आहेत. दरवर्षी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, खरीप शेतकरी मेळावा आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, रब्बी मेळावा भरतो, तेव्हा बियाण्याच्या विक्रीपुढे शेतकऱ्यांची रांग लागते. वाण पोचतो; पोचत नाही तो उलट दिशेने येणारा प्रश्न. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी एखाद्या गावात केव्हा आणि कोणत्या पेऱ्यावर दिसली ही माहिती बांधावरून प्रयोगशाळेपर्यंत नेणारा विद्यापीठाचा कायम माणूस गावात नाही, आणि जिल्हापातळीवरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी कितीही धडपड केली तरी जिल्ह्यातील शेकडो गावांना ती पुरी पडत नाहीत. अमेरिकन रीत उचलताना कायद्यांचे पहिले दोन टप्पे घेतले आणि १९१४ चा तिसरा टप्पा अर्ध्यात सोडला, असाच याचा अर्थ होतो.

यानंतर संवाद श्रेयांकांकडे, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या ‘क्रेडिट’ या एककांकडे, वळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार संलग्न महाविद्यालयांतही आता श्रेयांक, मुख्य व गौण विषय आणि शैक्षणिक श्रेयांक बँक आली आहे, त्यामुळे हा तांत्रिक वाटणारा विषय जिल्ह्यातील प्रत्येक पदवी विद्यार्थ्याचा झाला आहे.

कृषी-अध्यापक : नांदेडच्या विद्यापीठाने आज जे स्वीकारले ते परभणीच्या विद्यापीठात कधीचेच आहे. कृषीच्या विद्यार्थ्याला विषयापुढे ३ (२+१) असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि एका श्रेयांकाचे प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला दोन तास शेतावर किंवा प्रयोगशाळेत घालवावे लागतात. चिखलात उभे राहण्यालाही गुणपत्रकात जागा आहे, हे या पद्धतीचे मोठे काम.

इतिहास-अध्यापिका : पण अमेरिकन श्रेयांक मोजतो काय, तर शिक्षकासमोर बसलेले तास. त्याचे मूळही शिक्षणशास्त्रात नाही. १९०६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देऊ केले, त्यासाठी कोणती संस्था खरोखर महाविद्यालय आहे हे ठरवणे भाग होते, आणि शाळेत एक विषय सुमारे १२० तास शिकला म्हणजे एक एकक असे माप त्यातून रूढ झाले. युरोपने १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर जे सामाईक श्रेयांक सर्वदूर केले त्यांत वर्षाला साठ श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे पंचवीस ते तीस तासांचे एकूण काम धरलेले असते: वर्ग, ग्रंथालय, लेखन, परीक्षेची तयारी, सगळे त्यात आले. एक माप शिक्षकाच्या तासांचे आहे, दुसरे विद्यार्थ्याच्या श्रमाचे. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला चाळीस श्रेयांक आणि बाराशे तास, म्हणजे श्रेयांकाला तीस तास, धरले. कागदावर तो विचार युरोपचा झाला. वेळापत्रक मात्र व्याख्यानांचेच राहिले, आणि विद्यार्थ्याने उरलेले तास कुठे बसून काम करायचे, दुपारनंतर ग्रंथालय उघडे असते का, गावाकडची शेवटची एसटी केव्हा सुटते, हे कोणी विचारले नाही.

एसटीचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. परभणीच्या महाविद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी रोज गावाहून पास काढून ये-जा करतात, आणि त्यांच्या दृष्टीने श्रेयांकाचे युरोपीय माप खरे व्हायचे तर वसतिगृह, ग्रंथालयाची वाढीव वेळ आणि तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिका या तीन गोष्टी आधी हव्यात. त्या नसतील तर सहा-सहा महिन्यांच्या सत्रपद्धतीचा अर्थ वर्षातून एकदा होणारी परीक्षा दोनदा होणे एवढाच उरतो. संलग्न महाविद्यालयांतील अनेक शिक्षकांची आजची तक्रार नेमकी हीच आहे.

शालेय शिक्षणाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या भूमिका अनपेक्षितपणे तीव्र होतात.

इतिहास-अध्यापिका : युरोपचे सर्वांत मोठे देणे शाळेत आणि कामशाळेत आहे. जर्मनीत शाळा संपवून मोठ्या संख्येने मुले दुहेरी प्रशिक्षणात जातात. आठवड्यातले तीन-चार दिवस ती कारखान्यात, दुकानात किंवा शेतावर पगारी उमेदवार म्हणून काम करतात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत शिकतात. असे तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत आणि शेतकरी होणे हाही त्यांतला तीन वर्षांचा एक व्यवसाय आहे. पुढे परीक्षा देऊन शेतीतले ‘माइस्टर’, म्हणजे उस्तादपण, मिळवता येते. परभणी जिल्ह्यात दहावीनंतर मराठी माध्यमाची कृषी तंत्र विद्यालये आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, पण त्यांत जाणारा मुलगा ‘मार्क पडले नाहीत म्हणून गेला’ असेच म्हटले जाते. दुसरीकडे कृषी पदवी घेतलेला मुलगा शेत सोडून लोकसेवा आयोगाच्या आणि बँकेच्या परीक्षांच्या मागे लागतो. शेतीचे शिक्षण शेतीकडे नेत नसेल तर अमेरिकन पदवीपेक्षा जर्मन उमेदवारी अधिक उपयोगाची.

कृषी-अध्यापक : उमेदवारी उपयोगाची आहे, पण तिच्याआधीची चाळणी विसरता येणार नाही. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथी संपताच, मूल दहा वर्षांचे असताना, त्याने विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जायचे की व्यवसायाकडे नेणाऱ्या, याची दिशा ठरू लागते. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले चौथीत अर्धे वर्ष शाळेबाहेर असतात. त्यांची चाळणी दहाव्या वर्षी केली तर कोण कोणत्या चाळणीत पडेल हे आधीच सांगता येते, आणि त्यावर जातीची मोहर उमटल्याशिवाय राहणार नाही. २००० सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीलाही कळून चुकले की तेथील मुलांचे यश घरच्या परिस्थितीशी फार घट्ट बांधलेले आहे. अमेरिकेची शाळा अठराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एका छपराखाली ठेवते, पुढे दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये आहेत, तिथून विद्यापीठात प्रवेश घेता येतो. उशिरा जागे होणाऱ्याला ती व्यवस्था परत संधी देते. परभणीसारख्या जिल्ह्यात उशिरा जागे होणारे पुष्कळ आहेत, कारण त्यांना उशिरा उठवले गेले आहे.

इतिहास-अध्यापिका : एका छपराखाली म्हणजे एका गावात, सर, आणि अमेरिकेत गावागावाची शाळा त्या गावाच्या मालमत्ता कराच्या मोठ्या आधारावर चालते, म्हणून श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. पाथरीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाला पुण्याच्या शिक्षकाइतकाच वेतनश्रेणीचा हक्क आहे. हा विचार फ्रान्सच्या जवळचा आहे आणि तो सोडून चालणार नाही. उच्च शिक्षणाच्या पैशाचेही तेच. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, तर अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेले आहे.

पैशाच्या मुद्द्यावर कृषी-अध्यापक वाद घालत नाहीत, आणि त्यात घालण्यासारखे फारसे काही नाही. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नावर शिकणाऱ्या जिल्ह्यात कर्जावर उभी राहणारी पदवी परवडणार नाही. चाळणीच्या वयाविषयी मात्र त्यांचेच म्हणणे स्वीकारावे लागते. जर्मन उमेदवारीचा मान हवा असेल तर तो दहावीनंतर, आणि व्यवसाय शिकलेल्याला पदवीकडे परत येण्याची वाट उघडी ठेवूनच द्यावा लागेल.

महाराष्ट्रातील बारावीची अवस्था या दोघांच्याही वादापलीकडची आहे. युरोपात शाळेच्या शेवटी होणारी परीक्षा, जर्मनीत आबिटूर आणि फ्रान्समध्ये बाकालोरेआ, हीच विद्यापीठाचे दार उघडते. म्हणून शाळेत जे शिकवले त्याला किंमत राहते. अमेरिकेत शाळा संपल्याची राष्ट्रीय परीक्षा नाही, तिथे १९२६ पासून ‘एसएटी’सारखी वेगळी चाचणी आहे; पण तिच्या जोडीला शाळेतील चार वर्षांचे गुण पाहिले जातात. महाराष्ट्राने युरोपची मंडळाची परीक्षा ठेवली आणि तिच्या डोक्यावर ‘नीट’ व ‘सीईटी’ या वेगळ्या चाचण्या बसवल्या, परंतु शाळेच्या गुणांना प्रवेशात जे स्थान अमेरिका देते ते दिले नाही. परिणामी परभणीचा विद्यार्थी बारावीला नाव एका महाविद्यालयात घालतो आणि शिकतो लातूर किंवा नांदेडच्या क्लासमध्ये. घरच्यांना दोन ठिकाणची फी, खोलीभाडे आणि खानावळ भरावी लागते, आणि ज्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर त्याचे नाव असते तेथील बाके रिकामी राहतात. दोन खंडांच्या दोन रीतींमधला जो जो भाग खर्चीक तेवढा एकत्र करून आणि त्या त्या रीतीची संरक्षक बाजू वगळून बनवलेली ही व्यवस्था आहे. राज्यातील शिक्षणधोरणाचा हा सर्वांत मोठा दोष मानला पाहिजे.

शेवटी अध्यापिका कृषी-अध्यापकांना विचारतात की, अमेरिका आणि युरोप यांतले एकच काही परभणीसाठी निवडायचे झाले तर काय निवडावे.

कृषी-अध्यापक : प्रयोगशाळा नव्हे आणि श्रेयांकही नव्हेत, मॅडम. जो शिकवतो त्याला परीक्षेचा अधिकार, आणि त्या अधिकारावर बाहेरच्या एका माणसाची नजर. त्यातला पहिला भाग अमेरिकेचा आणि दुसरा ब्रिटनचा, त्यामुळे वाद मिटला असे समजायला हरकत नाही.

इतिहास-अध्यापिका : अधिकार देण्यासाठी आधी माणूस हवा, सर. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याच पैशावर, पोट भरणारा शिक्षक पुढच्या वर्षी त्याच वर्गात असेल की नाही हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. तो कोणता अभ्यासक्रम आखणार आणि कोणत्या परीक्षेची जबाबदारी घेणार?

या प्रश्नाला दोन्ही खंडांत एकच उत्तर आहे. बर्लिनची परंपरा असो की इलिनॉयची, ती उभी राहिली कायमच्या, निर्भयपणे शिकवू शकणाऱ्या अध्यापकावर. परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांत वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या अध्यापकांच्या जागा राज्य सरकारने आधी भराव्यात, आणि नव्या श्रेयांकांचे अभ्यासक्रम लिहायला बसलेल्या अभ्यास मंडळांनी महाविद्यालयातील शिक्षकाला स्वतःच्या विषयाचा किमान निम्मा भाग ठरवण्याचा व तपासण्याचा अधिकार लेखी मिळवून द्यावा. जिल्ह्यातील पालकांनीही संस्थाचालकांकडे निकालाची टक्केवारी विचारण्याआधी कोणत्या विषयाला कायम शिक्षक आहे, हे विचारावे.